विजेने उजळलेली वाट

न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी वेस्ट पॉइंट येथे अमेरिकेची लष्करी अकादमी आहे. ९ नोव्हेंबर १९१२ रोजी, शनिवारी, तिच्या मैदानावर फुटबॉलचा एक सामना झाला. एका बाजूला अमेरिकी सेनेचे भावी अधिकारी होते. दुसऱ्या बाजूला पेनसिल्व्हेनियातील कार्लाईल या गावच्या एका सरकारी शाळेचा संघ होता. या शाळेत फक्त अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची मुले शिकत. त्यांच्यापैकी अनेकांचे वाडवडील याच सेनेशी लढले होते आणि हरले होते. वुंडेड नी येथे लकोटा जमातीच्या शेकडो स्त्री-पुरुषांना आणि मुलांना अमेरिकी सैनिकांनी ठार केले, त्या घटनेला त्या वेळी जेमतेम २२ वर्षे झाली होती. सामन्यापूर्वी प्रशिक्षकाने मुलांना या इतिहासाची आठवण करून दिली, असे सांगतात. तशी गरज बहुधा नव्हती. कार्लाईलने तो सामना २७-६ असा जिंकला.

या संघाचा नायक होता जिम थॉर्प. चारच महिन्यांपूर्वी स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये त्याने दोन सुवर्णपदके जिंकली होती. जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून त्याचे नाव घेतले जात होते. आणि अवघ्या तीन महिन्यांच्या आत ती पदके त्याच्याकडून काढून घेतली जाणार होती. १९१२ चा तो हंगाम थॉर्पच्या आयुष्याचा कळस ठरला. त्यापूर्वी त्याच्या वाट्याला काय आले आणि त्यानंतर काय गेले, हे पाहिले म्हणजे अमेरिकेने आपल्या मूळ रहिवाशांशी केलेल्या व्यवहाराचा एक संपूर्ण आलेख डोळ्यांसमोर उभा राहतो.

थॉर्पचा जन्म मे १८८७ चा. काही नोंदींनुसार १८८८ चा. आज ओक्लाहोमा म्हणून ओळखला जाणारा प्रदेश तेव्हा 'इंडियन टेरिटरी' या नावाने ओळखला जात असे. पूर्वेकडील मुलखातून हुसकावलेल्या जमातींना सरकारने तेथे आणून वसवले होते. थॉर्पचे वडील हायरम हे सॅक अँड फॉक्स जमातीची आई आणि आयरिश बाप यांचे पुत्र, तर आई शार्लोट हिच्यात पोटावाटोमी आणि फ्रेंच रक्त मिसळलेले. आईने त्याचे जमातीतील नाव ठेवले वा-थो-हक. त्याचा अर्थ विजेने उजळलेली वाट, असा सांगितला जातो. जुळा भाऊ चार्ली हा त्याचा पहिला सवंगडी. दोघे मिळून पोहत, घोडे पकडत, वडिलांबरोबर मैलोन् मैल शिकारीला जात. मुले लहान असतानाच, १८९१ मध्ये, सरकारने जमातीच्या सामाईक जमिनीचे तुकडे करून ते कुटुंबांना वाटले आणि उरलेली सगळी जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी खुली केली. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी घोडी आणि गाड्या दौडत आल्या आणि काही तासांत तो मुलूख परक्यांनी भरून गेला.

नऊ वर्षांचा असताना चार्ली आजारपणात दगावला. त्या धक्क्यातून जिम लवकर सावरला नाही. जमातीच्या निवासी शाळेतून तो पुन्हा पुन्हा पळून येई. वडिलांनी शाळेत नेऊन सोडावे आणि जिमने आडवाटेने धावत त्यांच्या आधी घर गाठावे, अशी एक कथा त्याच्या चरित्रांमध्ये हमखास येते. शेवटी परत येणे जमू नये म्हणून वडिलांनी त्याला दूर कॅन्ससमधील हॅस्केल या शाळेत पाठवले. तेथे त्याने प्रथम फुटबॉल पाहिला. त्यानंतर काही वर्षांत आई बाळंतपणात गेली. १९०४ मध्ये तो कार्लाईलला पोहोचला आणि थोड्याच काळात वडीलही वारले. ऐन कुमारवयात तो पोरका झाला.

कार्लाईलची शाळा कॅप्टन रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये सैन्याच्या जुन्या बराकीत सुरू केली होती. मूळ रहिवाशांचा संहार करण्यापेक्षा त्यांची मुले लहानपणीच दूर न्यावीत आणि त्यांच्यातील 'इंडियन' पुसून टाकावा, हे प्रॅटचे तत्त्वज्ञान. मुले येताच त्यांचे लांब केस कापले जात, अंगावर लष्करी गणवेश चढे, नाव बदलले जाई. मातृभाषेत बोलण्यास बंदी होती. अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस सुतारकाम, लोहारकाम, शिलाई, धुलाई असा दिनक्रम असे. वर्षाचा काही काळ मुलांना गोऱ्या कुटुंबांच्या घरी आणि शेतावर कामाला धाडले जाई. क्षयासारख्या रोगांनी अनेक मुले दगावली. शाळेच्या आवारातील दफनभूमीत ओळीने त्यांच्या कबरी आहेत. थॉर्पलाही शेतावर राबायला पाठवले गेले. तेथूनही तो एकदा पळाला आणि परत आल्यावर त्याने शिक्षा भोगली.

अशा शाळेत फुटबॉल आला तो मुलांच्या हट्टामुळे. अमेरिकी फुटबॉलचे आपल्याकडील फुटबॉलशी नावापलीकडे साम्य नाही. हा खेळ रग्बीच्या कुळातला. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचे, प्रतिस्पर्ध्याने अंगावर झेप घेऊन पाडायचे आणि इंचाइंचाने मैदान मिळवायचे, असे त्याचे स्वरूप. त्या काळात पुरेशी संरक्षक साधने नव्हती, नियमही ढिले होते. दरवर्षी काही खेळाडू मैदानावर प्राण गमावत. एका मुलाचा पाय मोडल्यावर प्रॅटने बाहेरच्या संघांशी खेळण्यास बंदी घातली होती. मुले शिष्टमंडळ घेऊन त्याच्याकडे गेली. अखेर त्याने दोन अटींवर परवानगी दिली. समोरच्याने कितीही डिवचले तरी हात उगारायचा नाही, ही पहिली अट. आणि देशातल्या सर्वांत मोठ्या संघाला कधी तरी हरवून दाखवायचे, ही दुसरी.

कार्लाईल नावाला 'इंडस्ट्रियल स्कूल' होती. महाविद्यालयाचा दर्जा तिला नव्हता. तरीही तिचा संघ हार्वर्ड, प्रिन्स्टन, पेनसिल्व्हेनिया अशा धनाढ्य विद्यापीठांशी झुंजू लागला. समोरचे खेळाडू वजनाने भारी असत, राखीव खेळाडूंची त्यांच्याकडे रांग असे. कार्लाईलची मुले हलकी आणि मोजकी. म्हणून १८९९ मध्ये आलेला प्रशिक्षक ग्लेन 'पॉप' वॉर्नर याने चपळाई आणि युक्ती ही त्यांची शस्त्रे बनवली. १९०३ च्या हार्वर्डविरुद्धच्या सामन्यात एका खेळाडूच्या सदऱ्यात पाठीशी चेंडू लपवून त्याला थेट पलीकडच्या टोकापर्यंत धावायला लावले, ती युक्ती आजही सांगितली जाते. १९०६ मध्ये पुढे चेंडू फेकण्यास, म्हणजे फॉरवर्ड पासला, नियमांनी मान्यता दिली. बडी विद्यापीठे या नव्या चालीकडे साशंकतेने पाहत असताना कार्लाईलने ती आत्मसात केली. १९०७ मध्ये त्या बळावर त्यांनी पेनसिल्व्हेनियाला २६-६ असे लोळवले आणि त्याच वर्षी हार्वर्डलाही प्रथमच हरवले. आज हा खेळ ज्या पासवर उभा आहे, त्याचा पाया घालणाऱ्यांत या मुलांचा वाटा मोठा होता.

त्याच वर्षी, १९०७ च्या वसंत ऋतूत, थॉर्प मैदानाच्या कडेने चालला असता उंच उडीचा सराव चालू होता. आडवी काठी पाच फूट नऊ इंचांवर होती आणि शाळेच्या खेळाडूंना ती ओलांडता येत नव्हती. अंगावरच्या कामाच्या कपड्यांनिशी थॉर्पने ती पहिल्याच उडीत पार केली. दुसऱ्या दिवशी वॉर्नरने त्याला बोलावून घेतले. फुटबॉलमध्ये मात्र हा मोलाचा धावपटू जायबंदी होईल, अशी वॉर्नरला धास्ती होती. थॉर्प ऐकेना, तेव्हा त्याची हौस फिटावी म्हणून त्याला चेंडू देऊन बचावपटूंच्या फळीतून धावायला सांगण्यात आले. तो सगळ्यांना चुकवून पलीकडे गेला आणि पुन्हा एकदा तसाच जाऊन आला. त्यानंतर त्याला संघाबाहेर ठेवण्याचा प्रश्नच उरला नाही.

१९०९ च्या उन्हाळ्यात कार्लाईलचे काही सोबती नॉर्थ कॅरोलिनात बेसबॉल खेळायला निघाले. थॉर्पही त्यांच्याबरोबर गेला. रॉकी माउंट या छोट्या गावाच्या संघाकडून तो त्या आणि पुढच्या हंगामात खेळला. मोबदला अगदी किरकोळ होता. कधी सामन्यामागे दोन डॉलर, तर कधी आठवड्याला तीसेक डॉलर. सुट्टीत असे खेळून चार पैसे मिळवणारे महाविद्यालयीन खेळाडू देशभर होते. त्यांच्यातील शहाणे खोटे नाव लावत. थॉर्पने स्वतःचेच नाव लावले. स्थानिक वर्तमानपत्रांत ते छापूनही येत होते. त्यात काही लपवण्यासारखे आहे, असे त्याला वाटले नव्हते.

१९११ मध्ये वॉर्नरने त्याला परत बोलावले. समोर स्टॉकहोमचे ऑलिंपिक होते आणि त्याआधी फुटबॉलचा हंगाम. त्या नोव्हेंबरमध्ये बोस्टनच्या स्टेडियमवर हार्वर्डविरुद्ध थॉर्प दुखऱ्या पायाला पट्ट्या गुंडाळून उतरला आणि लाथेने चार गोल मारले. कार्लाईलने हार्वर्डला १८-१५ असे हरवले. ११ विजय आणि एक पराभव, असा हंगाम संपला. थॉर्पची देशातील सर्वोत्तम खेळाडूंच्या काल्पनिक संघात, म्हणजे 'ऑल-अमेरिकन' यादीत, निवड झाली.

जुलै १९१२ मध्ये स्टॉकहोमला पाच प्रकारांच्या पेंटॅथलॉनमध्ये थॉर्पने चार प्रकारांत पहिला क्रमांक मिळवला. दहा प्रकारांच्या डेकॅथलॉनमध्ये त्याचे ८,४१२ गुण झाले; दुसऱ्या क्रमांकावरील स्वीडनचा ह्यूगो विस्लँडर त्याच्यापेक्षा सुमारे ७०० गुणांनी मागे राहिला. ऐन स्पर्धेत थॉर्पचे बूट कोणी तरी पळवले, तेव्हा त्याने दोन वेगवेगळ्या जोडांतील बूट घालून स्पर्धा पुरी केली. त्याचे दोन पायांत दोन तऱ्हांचे मोजे आणि बूट असलेले छायाचित्र उपलब्ध आहे. स्वीडनचे राजे पाचवे गुस्ताव यांनी पदके देताना त्याचा केलेला गौरव पुढे दंतकथा बनला. कार्लाईलचाच होपी जमातीचा धावपटू लुई टेवानिमा याने दहा हजार मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवले. मायदेशी परतल्यावर न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून मिरवणूक निघाली. ज्या देशासाठी ही पदके आली, त्या देशात सर्व मूळ रहिवाशांना नागरिकत्व मिळायला १९२४ साल उजाडावे लागले. सरकार त्यांना पाल्य समजत असे आणि स्वतःच्या जमिनीच्या उत्पन्नासाठीही त्यांना अधिकाऱ्यांच्या दाराशी जावे लागे.

सप्टेंबरमध्ये थॉर्प कार्लाईलच्या मैदानावर संघनायक म्हणून उतरला. त्या वर्षी नियम पुन्हा बदलले होते. दहा यार्ड पुढे जाण्यासाठी आता तीनऐवजी चार प्रयत्न मिळत, टचडाउनचे पाचाऐवजी सहा गुण झाले आणि मैदानाची लांबी शंभर यार्ड ठरली. वेगवान, मोकळ्या खेळाला हे नियम मानवणारे होते. वॉर्नरने आखलेली नवी व्यूहरचना आणि गस वेल्श या चतुर क्वार्टरबॅकची साथ थॉर्पला लाभली.

हंगामाची सुरुवात छोट्या महाविद्यालयांपासून झाली. अल्ब्राइटविरुद्ध ५०-७, लेबनॉन व्हॅलीविरुद्ध ४५-०, शेजारच्या डिकिन्सनविरुद्ध ३४-०, व्हिलानोव्हाविरुद्ध ६५-० असे एकतर्फी विजय मिळाले. मग वॉशिंग्टन अँड जेफरसन या आणखी एका छोट्या महाविद्यालयाने कार्लाईलला रोखून धरले. थॉर्पचे लाथेचे प्रयत्न फसले आणि सामना ०-० असा सुटला. त्या धक्क्याचा राग पुढच्या संघांवर निघाला. आदल्या वर्षी कार्लाईलला हरवणारे सिराक्यूज ३३-० असे गारद झाले. पिट्सबर्ग ४५-८, जॉर्जटाउन ३४-२०. सीमा ओलांडून टोरांटोत अर्धा सामना अमेरिकी आणि अर्धा कॅनडाच्या नियमांनी खेळला गेला, तोही ४९-१ असा जिंकला. लेहाय ३४-१४. ही मुले आगगाडीतून गावोगाव जात, खेळत, आणि पुन्हा गाडीत बसत. मोठे सामने बहुधा परगावीच असत. कारण गर्दी तेथे होती आणि तिकिटांच्या उत्पन्नातला वाटाही तेथेच मिळत असे.

अशा वाटचालीनंतर संघ वेस्ट पॉइंटला पोहोचला. पहिला टचडाउन लष्कराने केला. पण मध्यंतराला कार्लाईल ७-६ असे पुढे होते. लष्कराच्या संघात ड्वाईट आयसेनहॉवर नावाचा एक विद्यार्थी होता. तोच पुढे दुसऱ्या महायुद्धातील सेनापती आणि अमेरिकेचा अध्यक्ष झाला. थॉर्पला दोघांनी मिळून जखडायचे आणि मैदानाबाहेर घालवायचे, असा बेत त्याने एका सोबत्याबरोबर आखला होता. एकदा दोघांनी त्याला जोरात आदळलेही. पण पुढच्या वेळी थॉर्प ऐनवेळी थबकला आणि हे दोघे एकमेकांवरच आपटले. आयसेनहॉवरला बाहेर बोलावण्यात आले. लष्कराच्या कर्णधाराचा तोल सुटला. कार्लाईलच्या जो गायनवर हात टाकल्याबद्दल पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढले. थॉर्पची एक प्रदीर्घ धाव सहकाऱ्याच्या चुकीमुळे रद्द झाली. गुणफलकावर अ‍ॅलेक्स आर्कासाचे तीन टचडाउन नोंदले गेले. मात्र त्या दिवशी लष्कराचे सगळे लक्ष थॉर्पवर खिळले होते आणि म्हणूनच इतरांना वाट मोकळी झाली होती.

पुढच्याच शनिवारी पेनसिल्व्हेनियाने कार्लाईलला ३४-२६ असे हरवले. हंगामातील हा एकमेव पराभव. त्यानंतर स्प्रिंगफील्डशी ३०-२४ असा निसटता विजय मिळाला आणि नोव्हेंबरअखेरीस ब्राउन विद्यापीठाला ३२-० असे नमवून संघ परतला. १४ सामने, १२ विजय, एक पराभव, एक बरोबरी. संघाने ५०४ गुण मिळवले. त्यांतील सुमारे २०० एकट्या थॉर्पचे होते. त्याची पुन्हा 'ऑल-अमेरिकन' म्हणून निवड झाली. कार्लाईलकडून तो पुन्हा खेळणार नव्हता.

जानेवारी १९१३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील एका वर्तमानपत्राने थॉर्पने पूर्वी पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याची बातमी छापली. ऑलिंपिक तेव्हा केवळ हौशी खेळाडूंचे होते. अन्य खेळात घेतलेला मोबदलाही त्याच्या आड येत असे. गावोगावच्या बेसबॉल वर्तुळात उघडपणे माहीत असलेली ही गोष्ट वॉर्नरला आणि शाळेच्या अधीक्षकाला ठाऊक नव्हती, असे त्या दोघांनी सांगितले. थॉर्पच्या सहीचे एक कबुलीपत्र हौशी खेळाडूंच्या संघटनेकडे गेले. आपण एक अजाण इंडियन विद्यार्थी होतो, या व्यवहारातले आपल्याला कळत नव्हते, असा त्याचा आशय होता. त्या पत्राची भाषा थॉर्पची नव्हती, ती वॉर्नरने घडवली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. संघटनेने त्याला दोषी ठरवले, आंतरराष्ट्रीय समितीने मान डोलावली. पदके परत गेली, नाव विक्रमांच्या यादीतून पुसले गेले. स्टॉकहोमच्या नियमांनुसार कोणताही आक्षेप स्पर्धा संपल्यापासून तीस दिवसांत घ्यावा लागत असे. येथे सहा महिने उलटून गेले होते. तो मुद्दा त्या वेळी कोणीही लावून धरला नाही. थॉर्पची बाजू मांडणारे जे दोघे होते, ते स्वतःला वाचवण्यात गुंतले होते.

खेळाच्या पैशाचा हिशेब मात्र वर्षभरातच उघड झाला. गस वेल्शच्या पुढाकाराने कार्लाईलच्या दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांनी चौकशीची मागणी केली आणि १९१४ च्या आरंभी अमेरिकी संसदेची समिती शाळेत दाखल झाली. मुलांना होणारी मारहाण, निकस अन्न आणि फुटबॉलच्या उत्पन्नाचा मनमानी विनियोग, असे सारे साक्षींतून बाहेर आले. क्रीडा निधीतून खेळाडूंना पैसे दिले गेले होते, वार्ताहरांनाही दिले गेले होते. म्हणजे ज्या कारणासाठी थॉर्पची पदके गेली, तो व्यवहार शाळा स्वतःच करत होती. अधीक्षकाला जावे लागले. वॉर्नर पिट्सबर्ग विद्यापीठात गेला आणि तेथेही यशस्वी ठरला. कार्लाईलची शाळा १९१८ मध्ये बंद झाली आणि बराकी पुन्हा लष्कराकडे गेल्या.

थॉर्पने उघडपणे व्यावसायिक होण्याचा मार्ग धरला. न्यूयॉर्क जायंट्स या नामांकित बेसबॉल संघाने त्याला १९१३ मध्येच करारबद्ध केले. त्याच वर्षी कार्लाईलची सहाध्यायी आयव्हा मिलर हिच्याशी त्याचा विवाह झाला आणि जायंट्सच्या जगप्रवासातच दोघांचा मधुचंद्र झाला. बेसबॉलमध्ये तो १९१९ पर्यंत टिकला. पण व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ याला गर्दी खेचणारे नाव हवे होते, खेळाडू घडवण्यात त्याला रस नव्हता. थॉर्पचे खरे मैदान फुटबॉलचेच. १९१५ मध्ये ओहायोतील कँटन बुलडॉग्ज संघाने त्याला सामन्यामागे २५० डॉलर देऊ केले. ती रक्कम तेव्हा अवाच्या सवा मानली गेली, पण त्याला पाहायला लोटलेल्या गर्दीने ती भरून काढली. १९२० मध्ये काही संघमालकांनी मिळून व्यावसायिक संघटना स्थापन केली, तेव्हा तिला वजन यावे म्हणून थॉर्पलाच पहिला अध्यक्ष केले. हीच संघटना १९२२ पासून नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, या नावाने ओळखली जाऊ लागली. आज अब्जावधी डॉलरची उलाढाल करणाऱ्या या खेळाच्या पहिल्या अध्यक्षाच्या हाती त्यातले काहीच लागले नाही.

१९२२ आणि १९२३ मध्ये त्याने ओहायोतील लारू या खेड्यातील ऊरांग इंडियन्स हा संघ चालवला. सारे खेळाडू मूळ रहिवासी होते, काही तर कार्लाईलचे जुने सोबती. संघाचा मालक कुत्र्यांचा व्यापारी होता आणि आपल्या एअरडेल कुत्र्यांची जाहिरात करणे हा त्याचा हेतू होता. मध्यंतरात खेळाडूंनी पिसांचे मुकुट घालून नाचावे, कुत्र्यांच्या करामती दाखवाव्यात, अशी व्यवस्था असे. दोन हंगामांत चार विजय मिळाले. वेस्ट पॉइंटला ज्यांनी सेनेला धूळ चारली होती, त्यांना आता तमाशातील सोंग घ्यावे लागत होते.

१९२८ मध्ये त्याचा खेळ संपला. पुढची २५ वर्षे उतरणीची होती. थोरला मुलगा बालवयातच गेला होता. पहिले लग्न मोडले, दुसरेही टिकले नाही. दारू वाढत गेली. मंदीच्या काळात, १९३१ मध्ये, लॉस एंजेलिसमध्ये एका इमारतीच्या पायासाठी कुदळ-फावडे घेऊन तो मजुरी करत होता. पुढच्या वर्षी त्याच शहरात ऑलिंपिक भरले, तेव्हा तिकिटाचे पैसे त्याच्याजवळ नव्हते. ही बातमी पसरल्यावर कॉ जमातीचा वारसा सांगणारे उपाध्यक्ष चार्ल्स कर्टिस यांनी त्याला आपल्याशेजारी बसवले आणि प्रेक्षकांनी उभे राहून मानवंदना दिली. हॉलिवूडच्या चित्रपटांत त्याने अनेक किरकोळ भूमिका केल्या. मूळ रहिवाशांच्या भूमिकांसाठी त्यांनाच काम मिळावे, यासाठी तो तेथे झगडला. स्वतःची जीवनकथा त्याने १९३१ मध्ये अवघ्या १,५०० डॉलरना विकून टाकली होती. तिच्यावर १९५१ मध्ये बर्ट लँकेस्टर नायक असलेला चित्रपट आला, तेव्हा मूळ विक्रीचा करार त्याच्या आड आला. १९५० मध्ये असोसिएटेड प्रेसच्या कौलात क्रीडापत्रकारांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून त्याची निवड केली. पुढच्याच वर्षी ओठाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर त्याच्यासाठी मदतनिधी गोळा करावा लागला. २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियातील लोमिटा येथे हृदयविकाराने त्याचे निधन झाले.

मरणानंतरही त्याच्या नशिबी स्वस्थता नव्हती. ओक्लाहोमात जमातीच्या रीतीप्रमाणे अंत्यविधी चालू असतानाच त्याच्या तिसऱ्या पत्नीने शवपेटी तेथून हलवली. पेनसिल्व्हेनियातील मॉक चंक आणि ईस्ट मॉक चंक ही डबघाईला आलेली दोन गावे पर्यटक मिळवण्याच्या खटपटीत होती. तिच्याशी करार करून ती १९५४ मध्ये एक झाली आणि त्यांनी जिम थॉर्प हे नाव घेतले. त्या गावात थॉर्प जिवंतपणी कधी राहिला नव्हता. वडिलांची अस्थी जमातीच्या भूमीत यावीत म्हणून मुलांनी २०१० मध्ये न्यायालयात धाव घेतली. २०१३ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला, पुढच्या वर्षी अपिलात तो फिरला आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

पदकांचा लढाही असाच लांबला. थॉर्पबरोबर स्टॉकहोमला स्पर्धेत उतरलेला आणि त्याच्याकडून हरलेला एव्हरी ब्रंडेज हा १९५२ ते १९७२ अशी वीस वर्षे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा अध्यक्ष होता. त्याने दाद दिली नाही. अखेर चरित्रकार रॉबर्ट व्हीलर आणि त्यांची पत्नी फ्लॉरेन्स रिडलॉन यांनी तीस दिवसांच्या मुदतीचा मूळ नियम शोधून काढला. ऑक्टोबर १९८२ मध्ये समितीने निर्णय फिरवला आणि जानेवारी १९८३ मध्ये मुलांच्या हाती पदकांच्या प्रतिकृती ठेवल्या. त्यातही कसूर राहिलीच. थॉर्पला एकमेव विजेता न मानता, दुसऱ्या क्रमांकावरून वर सरकवलेल्यांबरोबर सहविजेता ठरवण्यात आले. पेंटॅथलॉनचा नॉर्वेचा फर्डिनांड बी आणि डेकॅथलॉनचा विस्लँडर, हे ते दोघे. विस्लँडरने स्वतः ते सुवर्णपदक कधीच आपले मानले नव्हते. स्वीडन आणि नॉर्वे यांच्या संमतीने जुलै २०२२ मध्ये, डेकॅथलॉनच्या विजयाला ११० वर्षे पूर्ण होताना, थॉर्प दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून पुन्हा नोंदला गेला. २०२४ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान त्याला मरणोत्तर देण्यात आला. त्याच वर्षअखेरीस कार्लाईलच्या शाळेची जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली. त्या आवारात पुरलेल्या मुलांच्या अस्थी २०१७ पासून त्यांच्या जमातींकडे परत जाऊ लागल्या आहेत.

थॉर्पची समाधी मात्र पेनसिल्व्हेनियातच आहे. ज्या कार्लाईलसाठी तो खेळला, ते याच राज्यात आहे. त्याच्या समाधीखाली ओक्लाहोमातील त्याच्या जन्मभूमीची माती आणि स्टॉकहोमच्या स्टेडियमची माती आणून घातली आहे. स्टॉकहोमने त्याला त्याचे जे होते ते उशिरा का होईना, परत दिले. ओक्लाहोमाला तो अजून परत मिळालेला नाही.